तणशीतला पाय

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ झनकलाल, जन्मभर जमिनीकडे पाहूनच चालत आले आहेत. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ. शिकाऊ पोरांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करणारी बाईसुद्धा कंबर सरळ करून एकदा तरी वर पाहते. भासरे पाहत नाहीत. "वरून काई पडलं तं खालीच सापडंल ना," म्हणतात. गावातली माणसं ते चपलेवरून ओळखतात. माझ्या नवऱ्याने नवी चप्पल घेतली, त्या दिवशी भासऱ्यांनी त्याला विचारलं, "कोन्या गावचे पाव्हने?"

खाली पाहणाऱ्याला सापडतं फार. सायकलची घंटी, चष्म्याची एक काच, ओढ्यात वाहत आलेलं नवरदेवाचं बाशिंग. वस्तू सापडली की तिचा मालक सापडेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नाही. शर्टाचं बटन असलं तरी तेच वाक्य: "मालक रडून राहिला असल." बटनासाठी कोण रडतं? पण ते गावभर लोकांच्या छात्या तपासत फिरले होते.

एका लग्नाच्या मांडवात त्यांना दातांची कवळी सापडली. भासऱ्यांनी पंगतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर उभं राहून फर्मान सोडलं, "हासून दाखवा." सगळे हसले. नवरीची आजी तेवढी तोंडाला पदर लावून बसली. भासऱ्यांनी कवळी तिच्या द्रोणात ठेवली आणि पुढे निघाले. आजीने वर्षभर त्यांना शिव्या दिल्या, त्याही त्याच दातांनी.

आमच्याकडे सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. आमचं अंगण त्यांच्या अंगणाला लागून, मध्ये नुसतं काट्यांचं कुंपण, तरी बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी सरळ बोललो नाही. बोलायचंच झालं तर मी त्यांच्या म्हशीला सांगते, "म्हशी, भाजी ठेवली गं कुंपणावर." तेही म्हशीलाच उत्तर देतात, "मीठ कमी आहे म्हनाव." जाऊबाई वारल्या तेव्हापासून त्या घरात बोलायला म्हैसच उरली आहे. मूलबाळ नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी म्हशीसाठी ट्रॉलीभर तणस आणली. धान मळल्यावर उरतो तो पेंढा म्हणजे तणस. दुसऱ्या सकाळी ते ढिगातून पेंडी ओढत होते, तर पेंडीबरोबर पाय बाहेर आला. मोजा घातलेला, काळा बूट घातलेला, गुडघ्याखालचा अख्खा पाय.

भासऱ्यांनी ओरडायला हवं होतं. ते नुसते बुटाकडे बघत म्हणाले, "हा आपल्या गावचा नाही."

ओरडायचं काम आम्ही केलं. शेजारच्या म्हातारीने तर, मेला कोण हे कळायच्या आधीच, "कसा गेलास रे बाबू" म्हणत रडायला सुरुवात केली. पोलीस पाटील धावत आला. "हात लावू नका!" म्हणाला. "बाकीचा मानूस शोधा!"

सगळं गाव बाकीचा माणूस शोधायला लागलं. ढीग उपसला, अंगणभर तणस झाली, त्यातून एक साप निघाला, एक विळा निघाला, माणूस काही निघेना. शेवटी पाटलाने दुरूनच पायाला काठी टोचली. टक् आवाज झाला. परत टोचली. परत टक्.

"अबे, हा तं बनवलेला आहे!"

मग काय, लोक हसून हसून तणशीत लोळले. रडणारी म्हातारी रडण्यातूनच हसायला लागली. एकटे भासरे हसले नाहीत.

"हासता कायले? कोनी तरी एका पायावर बसून असल."

ट्रॉलीवाल्याने तणस चार गावांतून भरली होती. कोणत्या गावचा पाय, त्यालाही सांगता येईना. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आसपासची सगळी माणसं जमतात. भासऱ्यांनी ठरवलं, मालक मंडईतच सापडणार. पाय धुतला, बुटाला पॉलिश केलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून निघाले. त्यांचं स्वतःचं धान बांधीत कापून पडलं होतं. तिकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

मंडईत ते चादर अंथरून, त्यावर पाय ठेवून बसले. एक बाई म्हणाली, "जोडी नाही का?"

"विकाले नाही बसलो, बाई."

दुसऱ्याला नुसता बूट हवा होता. दंडारवाल्यांना नाटकात राक्षसाचा पाय तोडायचा होता. ते म्हणाले, "एका खेळापुरता द्या ना, भाऊ." भासरे भडकले. "मालक तिकडे रडून राहिला असल, अन् त्याचा पाय इकडे नाटक करंल?" एक टवाळ पोरगा पुढे आला, म्हणाला, "काका, माहाच आहे." भासऱ्यांनी त्याच्या चपला पाहिल्या. "दोन तं आहेत. तिसरा कुठं लावतोस, लेका?"

अशा तीन मंडया झाल्या. तिसऱ्या मंडईतून आले ते ओसरीवर मान टाकून बसले. कुंपणावर ठेवलेली भाजी तशीच राहिली. मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कळत होती, पण मोठ्या माणसाची चूक काढायची कशी? शेवटी मी पदर पुढे ओढला आणि म्हशीजवळ गेले.

"म्हशी," मी म्हटलं, "ज्याचा पाय हरवला, तो मंडईत चालत कसा येईल गं?"

ओसरीवरून आवाज आला, "म्हैस लय हुशार झाली."

दुसऱ्या दिवशी ते त्या चार गावांत गेले. पाय घरीच ठेवला, रस्त्यात हरवला तर? प्रत्येक गावात हातपंपावरच्या बायांना एकच विचारलं, "दिवाळीपासून घराबाहेर नाही निघाला, असा कोन आहे?" बायांना सगळं माहीत असतं. बोदलकसा तलावाजवळचे एक म्हातारे निघाले. घासतो म्हणून पाय काढून तणशीवर ठेवला होता, डोळा लागला, आणि ट्रॉली भरणाऱ्यांनी पेंड्यांबरोबर पायही भरला. तेव्हापासून ते खाटेवर होते. लोक हसतील म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं.

पाय सायकलवर बांधून गावात आणला तर लोक हसतील, म्हणून म्हातारे स्वतःच तो न्यायला यायचे होते. त्या सकाळी भासऱ्यांनी स्वतः अंगण सारवलं. म्हातारे जावयाच्या मोटारसायकलवर आले. खाटेवर बसून त्यांनी पाय चढवला, पट्टे आवळले आणि उभे राहिले. ओल्या अंगणात एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसरीला त्यांनी जावयाचा हात सोडला.

"जेवून जा," भासरे म्हणाले. "भात टाकला आहे."

"नाही भाऊ, घरी बुढी वाट पाहून राहिली. तिले चालून दाखवाचं आहे."

"मंग चहा तरी."

"पुढच्या खेपेले." आणि ते गेले. भासरे एकटेच दोघांचा भात खाऊन झोपले असतील.

चार दिवसांनी मार्गशीर्षातला गुरुवार होता. माझं अंगण सारवून झालं, शेण उरलं, म्हणून मी बादली घेऊन त्यांच्या अंगणात गेले. सारवण वाळलं होतं आणि त्यात म्हाताऱ्यांची पावलं उमटलेली होती, एक अनवाणी, एक बुटाचं, खाटेभोवती तीन वेळा आणि मग खाटेपासून फाटकापर्यंत. भासरे त्यांना वळसा घालून कडेकडेने चालत होते. मी वाकून पोतेरं बुडवलं.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "कोनी तरी घरी येऊन गेल्यावानी दिसते."