उन्हाळी सुट्टी बुडाली ते वर्तमान

श्रीशारदेस दंडवत करोन आणि विद्याखात्याच्या कोपास भिऊन हे लिहिले जाते. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, चैत्रमासी, एका राज्याचे (नाव लिहिल्यास लेखणी जप्त होईल) विद्यामंत्री मोरेश्वरपंत विलायतेस जाऊन आले, आणि तेथील शाळा बारमाही चालतात हे पाहोन थक्क जाहले, आणि तेथे तेव्हा बर्फ पडत होते एवढेच सांगावयाचे विसरले. मग दरबारी अर्ज केला की, "महाराज, लांब सुट्टीत मुले शिकलेले सारे विसरतात. सुट्टीच काढून टाकावी." महाराजांनी मान डोलविली, कारण युवराज सुट्टीभर धुडगूस घालोन दुपारची झोप मोडीत, राज्याचे हित ते ऐसे साधले. मग दवंडी पिटली, आणि त्याच सांजेस महाराज, मंत्री व अवघा दरबार उष्म्यास्तव थंड डोंगरावर विश्रांतीस रवाना जाहला.

खाली वेशीजवळील शाळेस पत्र्याचे छप्पर होते. तेथील मुख्य बाई द्वारकाबाई परांडेकर यांनी हुकूम मानोन वर्ग भरविले. मग वैशाख लागला आणि पत्रे तापले आणि मुले पाटीवर डोके टेकवोन पडो लागली, आणि एके दुपारी तिसरीतील एका मुलास घेरी येऊन कपाळास खोक पडली. बाईंनी त्यास मांडीवर घेऊन पाणी पाजिले, आणि त्यास बरे वाटताच आपण डोंगर चढोन गेल्या. महाराज सरबत प्राशन करीत होते.

"महाराजांनी आमची शाळा कधी पाहिली काय?"

"नकाशात पाहिली आहे."

"मग एक दुपार येऊन बसावे. मंत्रीसाहेबही येतील. सुट्टीचे तोटे मुलांस तेथेच समजावतील."

पंत म्हणाले, "अवश्य. ऊन हा निव्वळ मनाचा खेळ आहे."

मग स्वारी शाळेत आली आणि पंत भाषणास उभे राहिले. "बालकांनो," म्हणाले, आणि पगडी काढिली, आणि मग उपरणे काढिले, आणि अंगरख्याचे बंद सोडू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, "इथे मुली आहेत." मग पंत तेथेच आडवे जाहले. महाराज घाम पुशीत म्हणाले, "सुट्टी दिली." वर्ग रिकामा जाहला, परंतु वीटभट्टीवरील मजुरणीची लेक अंजिरा जागची हलली नाही.

महाराजांनी विचारिले, "तुला सुट्टी नको?"

"हवी. पण सुट्टीत शाळेची खिचडी बंद होते. आई भट्टीवर असते. दुपारी घरी काही नसतं."

ओल्या फडक्याखालून पंत म्हणाले, "भूक विद्याखात्यात येत नाही."

"पंत, आपण आडवेच राहावे," महाराज म्हणाले, आणि मग हुकूम केला की सुट्टी पुरी द्यावी, परंतु खिचडी रोज शिजावी आणि कडुलिंबाच्या सावलीत वाढावी.

अंजिरा म्हणाली, "धाकट्या भावाला आणू? तो अजून शाळेत नाही."

"आण," महाराज म्हणाले, आणि द्वारकाबाईंनी तोंड फिरवोन पदराने डोळे टिपिले.

ऐसे हे वर्तमान. त्या साली उत्तम धोरणाचा किताब मोरेश्वरपंतांस मिळाला. द्वारकाबाईंची बदली जाहली. अंजिरा व तिचा भाऊ उन्हाळाभर पोटभर जेवले.