पहिली खेप आणि दुसरी खेप

गच्चीवर कुरडया आणि लाल मिरच्या यांच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या ओढणीवर, मालकांचे सिगार ओळीने वाळत पडलेले दिसले आणि अब्दुल सत्तारांच्या तोंडचं पाणीच पळालं. मे महिना, अकोटचं ऊन आणि भर दुपार. कुरडयांना हे ऊन मानवलं होतं. सिगारांच्या साली मात्र जागोजाग तडकल्या होत्या, आणि सत्तारभाईंनी एक उचलला तर तो त्यांच्या बोटांतच पापडासारखा मोडला.

"नसीम! हे काय करून ठेवलं तुवा?"

"काय केलं म्हंजे? तुमच्या मालकाची अमानत वाचवली," मिरच्या परतता परतता नसीमबानो म्हणाली. "कपाट झाडून राहिली होती. पेटी उघडली तं आत सारं सादळलेलं. वरून पांढरी बुरशी. आन् कोण्या भैताडानं त्यात ओला स्पंज ठेवून देला होता! फेकून देला म्या."

तो भैताड तिच्यासमोरच उभा होता. सिगार कोरडे पडू नयेत म्हणून दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर स्पंज ओला करून पेटीत ठेवायचं काम सत्तारभाई गेली आठ वर्षं इमानेइतबारे करत होते. पेटीत काय आहे हे मात्र त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. 'मालकाची अमानत हाय, हात लावू नको,' एवढंच. आता अमानतीला बुरशी लागली तर हात न लावता कोणती बाई गप्प बसेल?

पेटी महादेवरावांची होती. महादेवराव म्हणजे ज्या जिनिंगमध्ये सत्तारभाई कापूस पारखणारे ग्रेडर होते त्या जिनिंगचे मालक. सगळी जिनिंग महादेवरावांना घाबरायची आणि महादेवराव फक्त बायकोला, इंदूबाईंना घाबरायचे. इंदूबाई माळकरी. तंबाखूचा नुसता वास आला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची. एकदा एका पाहुण्याचं विडीचं बंडल त्यांनी त्याच्यादेखत चुलीत घातलं होतं. त्यामुळे मुंबईचे कापसाचे व्यापारी मोईजसेठ यांनी क्युबाच्या सिगारांची ही पेटी भेट दिली तेव्हा ती बंगल्यात नेण्याची महादेवरावांची छाती झाली नाही. बंगल्याच्या मागच्या गल्लीतच सत्तारभाईंचं घर. पेटी तिथल्या कपाटात, चादरींच्या खाली गेली.

पेटी साधीसुधी नव्हती. कंपनीने हा सिगार एकदाच, मोजक्या पेट्यांपुरता काढला होता आणि प्रत्येक पेटीवर नंबर घातला होता. महादेवराव कधीमधी गुपचूप यायचे, दार लावून दोन झुरके मारायचे, बराच वेळ खोकायचे आणि मूठभर बडीशेप चावत घरी जायचे. म्हणूनच पेटी अजून निम्मी भरलेली होती.

सत्तारभाईंनी घाईघाईने सिगार गोळा केले. निदान कोणाला कळायच्या आत पेटी बंद करून ठेवू, पुढचं पुढे, असा विचार ते करत होते. पण संध्याकाळी महादेवराव स्वतः दारात उभे. चेहरा उतरलेला.

"सत्तारभाई, मोईजसेठचा फोन होता. परवा येऊन राह्यले."

"गाठी पाहाले?" सत्तारभाईंचा चेहरा खुलला.

"गाठी बी पाहतीन. पण पहिले सिगार. कंपनीनं तोच सिगार अजून एकदा काढला म्हणे. त्याईनं नवी पेटी आणली. म्हणतात, तुमच्याजवळ पहिल्या खेपेचा असंनच. जुना आन् नवा बाजूबाजूले ठेवून ओढू, फरक पाहू. मंग धंद्याचं बोलू."

त्या वर्षी अकोटातल्या निम्म्या जिनिंगांना कुलपं होती. महादेवरावांची जिनिंग कशीबशी चालली होती, पण गोदामात कापसाच्या गाठी छतापर्यंत पडून होत्या. मोईजसेठनी त्या उचलल्या नाहीत तर दसऱ्याला जिनिंगची पूजा होणार नव्हती, आणि जिनिंगच बंद तर ग्रेडर कशाचा?

"माल बरोबर हाय ना?" जाता जाता महादेवरावांनी विचारलं. विचारताना ते सत्तारभाईंकडे बघत नव्हते, कपाटाकडेही नाही.

"एकदम बरोबर, मालक," सत्तारभाई म्हणाले. आयुष्यात मालाबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते देवीदासच्या पानटपरीवर गेले. वाळलेल्या पानाबिनाचं काही करता येतं का, असं त्यांनी अगदी सहज विचारलं.

"खायचं पान का?" देवीदास म्हणाला.

"समज खायचंच."

"मंग सोपं हाय. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाचं. वरून बोटानं पाणी मारत राह्यचं. हे घ्या फडकं, माह्या टोपलीतलंच हाय. आन् तडकलं असंन तं मैद्याची खळ लावा. पण सत्तारभाई, तुमी पान कवापासून खाऊन राह्यले?"

फडकं घेऊन सत्तारभाई घरी आले. दार लावून त्यांनी सिगार फडक्यात मांडले, वाटीत बोटं बुडवली आणि पाणी शिंपडायला हात उचलला. हात तसाच थांबला. पाणी मारायला असा हात बाजारात कोणी उचललेला दिसला की सत्तारभाई त्याची गाडी उलटी फिरवत. वजन वाढावं म्हणून रात्री कापसावर पाणी मारणारे व्यापारी त्यांनी आयुष्यभर पकडले होते. कापसात हात घालायचा, मुठीत दाबायचा आणि सांगायचं. त्यांनी 'पाणी मारलंय' म्हटलं की काट्यावर वजन घ्यायची गरज नसे. सत्तारभाईंचा हात खोटं बोलत नाही, असं अमरावतीपासूनचे लोक म्हणत. आणि आज तोच हात पाण्याच्या वाटीत! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी खिडकीही लावून घेतली.

"मारा ना पाणी," नसीमबानो म्हणाली. आता तिलाही सगळं कळलं होतं आणि ती रडून मोकळी झाली होती. "का मी मारू?"

"नको. तुह्या हातानं पहिलेच लय झालं."

पाणी जरा जास्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिगार फुगले होते, दोन तर शिवणीतून उसवले. त्यांना खळ लावली, दोऱ्याने बांधलं, कूलरसमोर धरलं. दुपारपर्यंत ते बरे दिसू लागले. लाल-सोनेरी पट्ट्याही नीट बसल्या. फक्त एक अडचण होती. देवीदास पानांवर शिंपडायचा तो केवडा फडक्यातून सिगारांत उतरला होता आणि पेटी उघडली की मिठ्या पानाचा घमघमाट सुटत होता.

ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी मोईजसेठ जिनिंगच्या ऑफिसात येऊन बसले. पांढराशुभ्र सदरा, सोनेरी काठाची टोपी, बारीक मिशी. त्यांनी नवी पेटी टेबलावर ठेवली. शेजारी महादेवरावांनी जुनी ठेवली. सत्तारभाई कोपऱ्यात, कूलरच्या अगदी जवळ, तरीही घामाने निथळत उभे.

"बघा महादेवराव," मोईजसेठ म्हणाले, "नव्याला ही दुसरी पट्टी लावलीय. तारीख छापलीय. जुन्याला एकच पट्टी. नवा रंगाने जरा फिका. आणि जुना..." त्यांनी जुना हातात घेतला. "जुना जाडा का वाटतो हो?"

"मुरला ना बाप्पा आठ वर्सं," महादेवराव घाईने म्हणाले. "मुरून मुरून जाडा झाला."

मोईजसेठनी सिगार नाकाखाली धरला, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा धरला. "केवडा?"

महादेवरावांनी जुन्या पेटीचं झाकण हळूच लावलं.

"मुरल्यावर येते कधी कधी," महादेवराव म्हणाले.

"येत असेल. ओरिजिनलची बातच न्यारी. नवा म्हणजे नुसतं नाव." पण मोईजसेठच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यात येऊन थांबली. "अरे, आपल्याकडे सत्तारभाई असताना आपण नाक कशाला शिणवायचं? इकडे या. डोळे मिटा. एका हातात जुना देतो, एका हातात नवा. तुमचा हात काय म्हणतो ते ऐकू."

सत्तारभाईंना कूलरमागे लपावंसं वाटलं. पण मालक बघत होते, सेठ बघत होते. ते पुढे गेले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. दोन्ही तळहातांवर सिगार आले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं: 'दोनी चांगले हायत, सेठ.' एवढंच. पण बोटांनी सवयीने माल दाबला, आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंड आपोआप उघडलं.

"पाणी मारलेला माल हाय!"

बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. महादेवरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणता?" मोईजसेठनी हळूच विचारलं.

अजूनही वेळ होती. नव्याकडे बोट दाखवलं असतं तर सगळं निभावलं असतं; नवा सिगार कुठे तोंड उघडून नाही म्हणणार होता? जिनिंग, नोकरी, घरातलं पीठमीठ, सगळं त्या एका बोटावर होतं. सत्तारभाईंनी उजवा हात पुढे केला.

"हा. उजव्या हातातला. जुना."

मोईजसेठ खुर्चीतून उठले. आता ते निघून जाणार, असं वाटून सत्तारभाईंनी दाराकडची वाट मोकळी केली. पण सेठ खोखो हसत सुटले.

"महादेवराव, ती पेटी मीच दिली होती. म्हणजे या माणसाने देणाऱ्याच्या तोंडावर आणि मालकाच्या समोर मालाला नाव ठेवलं! अहो, असा ग्रेडर तुमच्याकडे असताना गाठी उघडून कशाला बघायच्या? सगळ्या उचलतो."

एक गाठ त्यांनी बघितली, पण ती रिवाज म्हणून. मग ते नवा सिगार ओढत बसले. महादेवरावांना मात्र इभ्रतीखातर केवड्याचा सिगार ओढावा लागला आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. निघताना सेठ नवी पेटी त्यांच्या हातात ठेवून गेले.

गाडीची धूळ खाली बसल्यावर सत्तारभाईंनी हात जोडले. "मालक, लपवणार नाई. पाणी माह्याच घरी मारलं. आन् त्याच्या पहिले..."

"गच्चीवर वाळू घातले होते. मले मालूम हाय."

"तुमाले कसं मालूम?"

"वरच्या, मागल्या गॅलरीत चहा पीत बसलो होतो. समोर तुमची गच्ची. काळीज धसकलं न् माहं!"

"मंग ओरडले कावून नाई?"

"ओरडतो कसा? इंदू बाजूलेच बसली होती." महादेवरावांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "तिनंच पहिले पाह्यले. म्हणे, नसीमबानोनं ते लांब लांब, तपकिरी काय वाळू घातलं? म्या म्हनलं, सांडगे हायत. त्याईच्याकडचे खास. आन् खरं सांगू का भाई, म्या म्हनलं जळू दे उन्हात, माहा खोकला तरी सुटंन. मोईजसेठचा फोन त्याच्या मागून आला."

"मंग आता तं सारं निपटलं, मालक."

"कायचं निपटलं! ती उद्या तुमच्या घरी येऊन राह्यली. तिले त्या सांडग्याची पद्धत शिकायची हाय." महादेवरावांनी सत्तारभाईंचे दोन्ही हात धरले. मालकांना असं घाबरलेलं सत्तारभाई पहिल्यांदाच बघत होते, आणि ते बघून त्यांची भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. "सत्तारभाई, गाठी गेल्या काय आन् राह्यल्या काय. हे सांभाळा."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नसीमबानो डाळ वाटत बसली. कोहळा किसून, काळा मसाला घालून तिने लांब लांब सांडगे वळले. सत्तारभाई नव्या पेटीतला सिगार नमुन्याला शेजारी धरून बसले होते. "अजून थोडा बारीक. टोक गोल कर. रंग फिका पडून राह्यला, मसाला वाढव."

"हे बी सादळलेलेच दिसतात," सिगारकडे बघत नसीमबानो म्हणाली. सत्तारभाईंनी पेटी उचलून छातीशी धरली.

दुपारी इंदूबाई गच्चीवर आल्या. मागे महादेवराव, चेहऱ्यावर हसू चिकटवल्यासारखं. इंदूबाईंनी एक सांडगा उचलला, उन्हात फिरवून बघितला, मोडला, वास घेतला.

"सत्तारभाऊ, कांदा-लसूण तं नाई ना यात?"

"नाई जी, मालकीणबाई."

"पहिलेच्यात बी नव्हता?"

"अल्लाची कसम, नव्हता," सत्तारभाई म्हणाले. हे बोलताना त्यांना फार बरं वाटलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

इंदूबाईंनी सांडगा परत फडक्यावर ठेवला आणि नसीमबानोच्या पाठीवरून हात फिरवला. "राग नको मानू बाई. हे बी चांगले हायत. पण त्या दिवशीच्या खेपेची बातच न्यारी होती. काय तो रंग, काय ते वळण! हे म्हंजे नुसतं नाव." मग त्यांनी पदर सावरला. "त्यातले दोन-चार उरले असतीन तं बांधून दे. उद्या आमरसाचं जेवण हाय. तळून वाढतो सगळ्याईले."

नसीमबानोने सत्तारभाईंकडे पाहिलं. सत्तारभाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी कुठे बघावं ते न सुचून कुरडयांकडे पाहिलं, आणि सिगार हातात नसतानाच ते खोकू लागले.