अप्पांची छत्री आमच्या गच्चीवर

आमच्या गच्चीवर ओली साडी वाळत घालायची असेल तर मला अप्पा खरातांची परवानगी काढावी लागते. गच्ची आमची, साडी माझी, दोरी मीच बांधलेली. पण दोरीमागं अप्पांच्या टीव्हीची छत्री उभी आहे, आणि तिच्यापुढं ओलं कापड आलं की समोर त्यांच्या घरात बातम्या देणाऱ्या माणसाचे चौकोनी तुकडे होतात. मग रस्त्यावरून हाक येते, "मास्तरीणबाई, साडी हलवा! पिक्चर फुटायलाय!"

अप्पांच्या घरावर पत्रे आहेत आणि पुढं भलंमोठं लिंबाचं झाड. म्हणून ही छत्री आमच्याकडं 'चार दिवसांसाठी' आली. त्याला सात वर्षं झाली. चार दिवस अजून भरायचेत.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये अप्पांनी उभी हयात कापसाची प्रत पाहण्यात घालवली. चिमटीत कापूस धरायचा, हळूच ओढायचा आणि मालाची लायकी सांगायची. रिटायर झाल्यावर कापूस गेला, चिमूट राहिली. आता ते सिग्नलची प्रत काढतात. रस्त्यात भेटले तर तब्येत विचारायची सोय नाही, आपण विचारायच्या आधीच उत्तर येतं, "आज बासष्ट हाय. बिलकुल एक नंबर माल." अठ्ठेचाळीसच्या खाली आकडा गेला की माल "किडका", आणि त्या दिवशी अप्पाही जरा तसेच.

त्यांचा टीव्ही मागून पोट सुटलेला जुना डबा आहे. त्याच्या डोक्यावर तो दुसरा छोटा डबा, शेटापबॉक्स; त्याला क्रोशाचं झाकण. उन्हाळ्यात घरातल्या एकुलत्या एका टेबलफॅनचं तोंड बॉक्सकडं असतं. "त्याला गरमी सोसत न्हाई," असं अप्पा घाम पुसत सांगतात. सकाळी उठून ते बॉक्सला सगळी चॅनलं नव्यानं शोधायला लावतात, आणि वर मलाच विचारतात, "तुमी शाळेत हजेरी घेता का न्हाई? मग?"

गल्लीत आता सगळ्यांकडं भिंतीवरचे पातळ टीव्ही आहेत. अप्पांना त्या लोकांची मनापासून कीव येते. "नेट संपलं की तुमी आंधळे. आपलं डायरेक आभाळातून येतं. आभाळाला रिचार्ज लागत न्हाई."

बरं, एवढं फुकटचं आभाळ उतरवून हा माणूस पाहतो काय? संध्याकाळी सात वाजले की आसामी बातम्या. सेलूच्या बाहेर फार तर परभणीपर्यंत गेलेला माणूस, आसामी बातम्या! मी एकदा विचारलं, "अप्पा, कळतं का काही?" तर म्हणाले, "न कळायला काय झालं? बातमीच हाय ना." मराठी बातम्या ऐकताना ते प्रत्येक वाक्याला टीव्हीशी भांडतात. निदान या बातम्यांशी भांडता येत नाही, म्हणून आवडत असतील, असा आम्ही नवराबायकोनं निष्कर्ष काढला आणि त्यावर पुष्कळ हसूनही घेतलं.

गेल्या आषाढात वानरांची एक टोळी आमच्या गच्चीवर आली. त्यातल्या एका दांडगोबानं छत्रीवर झोके घेतले आणि सिग्नल शून्यावर आणून टोळी निघून गेली. मी वह्या तपासत होते. अप्पा दारात आले ते चप्पल न घालता.

छत्री फिरवणारा कारागीर परभणीहून दोन दिवसांनी येणार होता. अप्पांना तेवढा धीर नव्हता. शेवटी मी गच्चीवर, माझे यजमान जिन्यात आणि अप्पा टीव्हीपुढं, अशी साखळी लागली.

"पालमकडं घ्या थोडं!"

"अप्पा म्हणतात, पालमकडं!"

"लय झालं! मानवतकडं सरकवा!"

तासभर मी मानवत आणि पालमच्या मधे फिरत होते. वरून भुरभुर सुरू झाली. एकदाचं चित्र आलं. गाणी आली, मराठी आलं. यजमान ओरडले, "लागलं की! उतर आता!"

खालून अप्पांचा आवाज आला. "ते न्हाई. तिकडलं."

"सगळं दिसतंय ना?"

"तिकडलं लागंना, सायेब. जरासं बघा ना."

या माणसाला विनंती करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी छत्रीची कड धरली आणि बोटभर, अर्धं बोट अशी सरकवत राहिले. "थांबा! थांबा तितंच!"

नट आवळून, चिंब भिजून मी खाली उतरले. चार खमंग वाक्यं तयार ठेवली होती. यजमानांसोबत अप्पांच्या दारात गेले तर ते पडद्यापासून वीतभर अंतरावर बसलेले. पडद्यावर छपरापर्यंत पाणी चढलेली घरं होती, होड्यांत बसलेली माणसं होती. होडी जवळ आली की अप्पा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत होते.

"काय शोधताय, अप्पा?"

"विलास," ते म्हणाले.

विलास त्यांचा मुलगा. कुठंतरी लांब पुलांच्या कामावर आहे आणि अप्पांसमोर त्याचं नाव काढायचं नाही, एवढंच गल्लीला माहीत होतं. बाकीचं आत्ता कळलं: आसामात तिकडच्याच मुलीशी त्यानं लग्न केलं तेव्हा अप्पांनी फोनवर सांगितलं होतं, हिकडं पाय ठेवू नको. त्यानं ठेवला नाही. तेव्हापासून रोज सात वाजता अप्पा त्याच्याकडचं हवामान बघत होते.

माझी चारही वाक्यं गेली.

अप्पांनी क्रोशाच्या झाकणाखालून बॉक्सचं वॉरंटीकार्ड काढलं. मागं पेननं एक नंबर लिहिलेला. "डबा त्यानंच आणला व्हता, जायच्या आधी. तुमी लावता का? माझा नंबर बघून उचलायचा न्हाई तो."

मी लावला. पलीकडून एका लहान मुलीचा आवाज आला. मी गोंधळून फोन अप्पांकडं दिला. ती भराभर तिकडच्या भाषेत काहीतरी बोलत होती. अप्पांनी मधेच विचारलं, "बाळा, पाणी? घरात पाणी?"

"पानी नाइ!" ती एवढ्या जोरात ओरडली की आम्हालाही ऐकू आलं.

"न्हाई म्हणती!" अप्पा आमच्याकडं वळले. "पाणी न्हाई म्हणती!"

मग फोनवर पुरुषाचा आवाज आला, मराठीत. "हॅलो, कोण बोलतंय?"

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी हाय," ते म्हणाले. "पोरीचं नाव काय ठेवलंस?"