वसंतकाकांचा तिसरा शब्द

वसंतकाका कुणाला रामराम घालत न्हाईत, तीन शब्द देतात. "विहीर, कात्री, मालन. नीट ठेवा!" एवढं बोलून निघाले. चार दिवसांनी भर बाजारात गाठून हात पुढं करणार, "काढा बाहेर!"

आमच्या राणीसावरगावात माणसं त्यांना बघून गल्ली बदलतात. मला ती सोय न्हाई, माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागूनच. किलोभर ज्वारी घेऊन येतात आन दोन तास बसतात. एकट्या माणसाला किती पीठ लागतंय हो?

माणूस मात्र साधासुधा न्हाई. आठवण मेंदूत कुठं जाऊन बसते, हे धुंडाळण्यात जन्म घातला. आपल्या देशात त्या वाटेनं गेलेल्या पहिल्या दोन-चार माणसांतले ते. परदेशातले डॉक्टर त्यांची पुस्तकं वाचतात म्हणे. आन इथं मी गिरणीचा पट्टा घसरला म्हणून बोंबलत असले, की हे विचारणार, "तुझे शब्द?"

"पिठात पडले!"

"मग चाळून काढ." आन खुशाल बसून राहणार.

पहिले दोन शब्द माणसागणिक निराळे, तिसरा सगळ्यांना एकच. मालनकाकू त्यांची बायको, तीन वर्षांमागं गेली. एकदा मी चिडून विचारलंच, बायकोचं नाव गावभर कशाला वाटता? लय हळू बोलले, "माझं डोकं रिकामं व्हायलंय, सुमन. ज्या रोगावर जन्मभर काम केलं, तोच आलाय. आता तिला माझ्या एकट्याच्या डोक्यात ठेवून भागायचं नाही."

त्या दिवशी सगळ्यांचं पीठ जाडंभरडं निघालं.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतली सुंदरबाई ऊसतोडीला निघाली, तिलाबी ट्रॅक्टरवर चढता चढता शब्द मिळाले. परवा टोळी परतली. सुंदरबाई गिरणीपुढं उतरली ती ओरडतच, "डॉक्टर, घ्या तुमचे शब्द! जांभूळ, कंदील, मालन! मोळ्या बांधताना रोज घोकलेत!"

काकांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" मग माझ्याकडं वळले. "सुमन, मालन कोण?"

मी गिरणी बंद केली. दळणाच्या बाया कुरकुरल्या, त्यांना म्हणलं, गप बसा जरा. काकांशेजारी बसले आन सांगायला लागले. मालनकाकू चहात साखर टाकायला विसरायच्या, तुमी तसाच पिऊन लय छान झालाय म्हणायचात. सुंदरबाईबी गाठोडं उतरवून खाली बसली.

काकांनी सगळं कान देऊन ऐकलं.

"बाई चांगली होती," म्हणाले. "उद्या विचार मला."