मालक रजा देत नाही

आमच्या शेजारच्या गाळ्यातले रंगनाथ तात्या रजेसाठी अर्ज करतात. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तात्यांना मालकच नाही. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान त्यांचं स्वतःचं, पाटीवर नाव त्यांचं, कामाला तेच एकटे, आणि अर्ज करतात तोही स्वतःलाच.

अर्ज अगदी रीतसर असतो. फुलस्केप कागद, डावीकडे समास. ‘मा. मालक साहेब यांसी. विषय: अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत. महोदय, मेव्हण्याच्या नातवाचे जावळ असल्याकारणाने...’ आणि खाली ‘आपला विश्वासू’. जेवणाआधी टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून हे लिहायचं. जेवण झालं की हात पुसत पलीकडच्या खुर्चीत जायचं, चष्मा लावायचा, अर्ज दोनदा वाचायचा आणि लाल पेनानं शेरा मारायचा, ‘सीझन चालू आहे. नामंजूर.’ मग परत अलीकडे येऊन तोंड पाडून बसायचं. ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा मी विचारलंही, “तात्या, तुमचा सीझन संपतो तरी कधी?”

“कांद्याचा संपला की डाळिंबाचा, डाळिंबाचा संपला की उसाचा.”

“मग मालकाला जरा समजावून सांगा की.”

“लई खवीस हाय,” तात्या आवाज खाली आणून म्हणाले आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घेतलं.

घरी गेल्यावर काकूंनाही हेच ऐकावं लागतं. काय करू, मालक सोडत न्हाई. काकू माझ्याकडे मशीनवर उशीचे अभ्रे शिवून घ्यायला येतात तेव्हा म्हणतात, “त्या मालकाला एकदा जेवायला आना म्हनलं. मला त्याच्याशी बोलायचंय.”

हे असं का, ते सांगायचं तर मागं जावं लागेल. आमचं गाव देवळाली प्रवरा. इथं घरटी एकाचा तरी उसाशी नाही तर साखर कारखान्याशी संबंध येतोच. तात्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते, बावीस वर्षं. कामगार पाळीला आला की आपल्या नंबरचं टोकन टाकणार, आणि तात्या मस्टरवर त्याची हजेरी मांडणार. कोण वेळेवर, कोण उशिरा, कुणाचा खाडा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कामगार त्यांना टरकून असायचे म्हणे. मला ते काही खरं वाटत नाही, कारण तात्या रस्त्यातल्या कुत्र्यालाही बाजूला हो म्हणत नाहीत, वळसा घालून जातात.

पण जीव पंपांत. लहानपणी वडिलांचा पितळी पंप खोलून बसलेले असायचे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडल्या, आता माझ्या मनाचं काम करतो, म्हणाले आणि निवृत्तीला आठ वर्षं असताना राजीनामा देऊन मोकळे झाले. अख्ख्या गावानं डोक्याला हात लावला. सासरे तर जीप करून समजूत घालायला आले, आणि जाताना आपलाच पंप दुरुस्त करून घेऊन गेले.

कारखाना सुटला, पण सवयी कुठं सुटतात. सकाळी आठला त्यांच्या मोबाईलमधून कारखान्याचा भोंगा वाजतो. उशीर झाला तर स्वतःला मेमो. एकदा शटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला मी वाचलाय, ‘आपण आज सात मिनिटे उशिरा आलात. लेखी खुलासा करावा.’ खाली खुलासा, ‘पोहे वेळेवर मिळाले नाहीत.’ त्याखाली लाल पेनानं, ‘खुलासा समाधानकारक नाही. पोह्यांबाबत आदल्या दिवशी सूचना द्यावी.’

आता माझं सांगते. मी वैशाली. नऊ वर्षं पतसंस्थेत काउंटरवर होते. पंख्याखालची खुर्ची, एक तारखेला पगार, दिवाळीला मिठाईचा बॉक्स. माझे वडील ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवायचे, त्यांच्याजवळ बसून मीही शिकले होते. ते गेले, त्यांचं जाड सुईचं मशीन घरात पडून होतं. येता-जाता ते दिसायचं आणि मला काउंटरवर बसवेना. शेवटी नोकरी सोडली, तात्यांच्या शेजारचा गाळा घेतला आणि पाटी लावली, ‘सीट कव्हर व ट्रॅक्टरचे छत शिवून मिळेल.’ नवरा काही बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

पहिल्याच दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी माझ्या शटरवर पान्याचे दोन ठोके पडले. बघते तर तात्या. आत डोकं घातलं, माझ्याकडं बघितलं, “बरं,” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच. माझा स्वभाव तसा तिखट. आठव्या दिवशी म्हटलं, “तात्या, मी काय मशीन घेऊन पळून जाईन म्हणून बघायला येता का?” ते ओशाळले, पण ठोके काही थांबले नाहीत. शिवाय मला नावानं हाक मारायची नाही, ‘टोकन दोन’ म्हणायचं. टोकन एक कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

मात्र एक सांगायला हवं. गिऱ्हाईक यायचं, मला मशीनवर बघायचं आणि विचारायचं, “मालक कुठं गेलेत?” मी उत्तर शोधत असताना शेजारून आवाज यायचा, “मालकच हाय ती. सीट ठिवा आन संध्याकाळी या.” असल्या दोघा-तिघांना त्यांनी हात धरून परत आणलंय माझ्या दारात.

तरी पाचव्या महिन्यात माझा धीर सुटला. पावसानं ओढ दिली होती, ट्रॅक्टर जागच्या जागी उभे होते. दिवसचे दिवस कुणी येत नव्हतं. त्यातच एका बागायतदारानं छत शिवायला दिलं आणि मी कापताना माप चुकले. जाड कापड, एकदा कापलं की कापलं. तो माणूस मला काही बोलला नाही, बरोबरच्याला म्हणाला, “म्हनलं न्हवतं? बाईमानसाचं काम न्हाई हे.” ते मला फार लागलं. त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला. माझी जागा अजून भरलेली नव्हती, सोमवारपर्यंत अर्ज दिला तर बघू म्हणाले.

आणि अर्ज म्हटल्यावर आमच्या रस्त्यावर एकच नाव. शनिवारी दुपारी मी तात्यांच्या दुकानात गेले.

“तात्या, एक अर्ज लिहून पाहिजे.”

तात्यांचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं. हात धुतले, फुलस्केप काढला, समास पाडला. “कुनाला लिवायचा?”

“पतसंस्थेला. मला परत घ्या म्हणून.”

पेन थांबलं. मग खाकरून एकदम टाइम ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “सध्याच्या जागी सेवा किती झाली?”

“पाच महिने.”

“खाडे?”

“कसले खाडे, तात्या? माझे खाडे कोण मांडतंय इथं?”

त्यांनी खालचा खण ओढला आणि एक लांबडं मस्टर काढून माझ्यासमोर उघडून ठेवलं. पहिल्या ओळीत टोकन एक, रंगनाथ. दुसऱ्या ओळीत टोकन दोन, वैशाली. मी पाटी लावली त्या दिवसापासून, रोजच्या चौकटीत ‘ह’. हजर, हजर, हजर. मध्ये कुठं अर्धा दिवस, आणि कडेला बारीक अक्षरात शेरा, ‘मुलीची शाळा.’ एके ठिकाणी, ‘ताप असून आली.’ छत बिघडलं त्या दिवशी, ‘हजर. रडली. मग पुन्हा शिवायला बसली.’ आणि त्याच्या आदल्या आठवड्यात सलग चार दिवस एकच शेरा होता, ‘गिऱ्हाईक नाही. तरी सहापर्यंत बसली.’

मी ते चारदा वाचलं. त्या चार दिवसांत मी काय केलं ते घरी कुणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, आज काही काम झालं का, आणि मी नाही म्हणायचे, संपलं. काम झालं नाही म्हणजे मी काही केलंच नाही, असं माझं मलाही वाटायला लागलं होतं. इथं मात्र ते चार दिवस शाईनं मांडलेले होते.

“ते ठोके... हजेरीसाठी होते?”

“मंग?” तात्या म्हणाले. “बघितल्याबिगर कसं मांडायचं? बावीस वर्सं नोकरी केलीय, खोटी हजेरी न्हाई लावली.”

मग ते पंपाचा एक वायसर बोटात फिरवत बसले.

“म्या कारखाना सोडला ना, तवा पयल्या दिवशी आठाला शटर उघडलं. उघडलं आन उभा ऱ्हायलो. कुनी बघितलं न्हाई. नवाला आलो असतो तरी चाललं असतं. न्हाई आलो असतो तरी चाललं असतं. त्ये लई बेकार वाटलं बग. काम अवघड न्हवतं, कामाला मी भीत न्हाई. पन आपन आलो काय, न्हाई काय, कुनाला फरकच पडत न्हाई म्हनल्यावर हात चालंना माझा. आठ-धा दिवस तसाच बसून काढले. मंग राहुरीला गेल्तो, तिथनं ह्ये मस्टर आनलं. आन दुसरी खुर्ची.”

पलीकडच्या त्या खुर्चीला मी किती हसले होते. नवऱ्याला सांगून हसले, मैत्रिणींना सांगून हसले. आता तिच्याकडं बघवेना.

“तू गाळा घेतलास तवा म्हनलं, हिचं तसं व्हायला नको,” तात्या म्हणाले. मग पेन उचललं. “हां, सांग. अर्जात काय लिवू?”

“काही नको, तात्या.”

त्यांनी फुलस्केप उचलून परत खणात ठेवला. “समास पाडलेला हाय, मला उपेगी पडंल,” म्हणाले.

मी पतसंस्थेला फोन करून नाही कळवलं. पुढं पाऊस झाला, ट्रॅक्टर हलले आणि माझं मशीनही हललं. तो बागायतदारही आला, दुसरं छत घेऊन. मी आता तीनदा मोजते आणि मग कात्री लावते.

या दिवाळीनंतर काकू माझ्याकडं आल्या त्या डोळे पुसतच. पुण्याला लेकीला मुलगी झाली होती. काकूंनी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता, आणि तात्यांचे चार अर्ज एकामागून एक नामंजूर झाले होते. “एकटी जाते म्हनलं तर तेबी नको म्हनतात. नातीला कवा बघायची मी?”

मी तडक शेजारी गेले. तात्या अलीकडच्या खुर्चीत बसून पाचवा अर्ज लिहीत होते. विषय: नात पाहणेकामी आठ दिवसांची रजा मिळणेबाबत.

“तात्या, हा मालक तुम्हाला का सोडत नाही, ते आज खरं सांगा.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग खाली बघून म्हणाले, “आठ दिवस शटर बंद ऱ्हायलं, आन कुनी इचारलंच न्हाई, तात्या कुठं गेले म्हनून... तर?”

बावीस वर्षं अख्ख्या कारखान्याची आठवण ठेवलेला माणूस, आपली कुणी ठेवील का म्हणून नात बघायला जात नव्हता.

मी टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले. तात्या चटकन सावरून बसले, सवयच ती. मी अर्ज ओढून घेतला, दोनदा वाचला, लाल पेन उचललं आणि लिहिलं, ‘मंजूर. आठ दिवस, भरपगारी. या काळात दुकानावर टोकन दोन लक्ष ठेवील.’

तात्यांनी कागद हातात घेऊन निरखला. “सही पायजे मालकाची.”

मी खाली लिहिलं, ‘मालक करिता’, आणि माझी सही केली.

त्यांनी अर्जाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, आणि पंप पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. पुसता पुसता म्हणाले, “बरं.”

तात्या-काकू पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आठला आले. आधी त्यांचं शटर उघडलं, मग माझं. सव्वाआठपर्यंत तीन माणसं विचारून गेली, तात्या कुठंयत. मी तिघांची नावं मस्टरच्या कडेला लिहून ठेवली, आल्यावर दाखवायला. टोकन एकपुढं ‘रजा’ मांडलं. टोकन दोनची चौकट मात्र तशीच ठेवली. दुसऱ्यानं बघितल्याशिवाय हजेरी मांडायची नसते, एवढं तात्यांनी शिकवलंय.

तेवढ्यात फोन वाजला. रोजच्या ठोक्यांपेक्षा उशीर झाला होता, दहा मिनिटं. हॅलो नाही, काही नाही.

“टोकन दोन?”

“हजर,” मी म्हटलं.

तिकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि त्यामागून काकूंचा आवाज, “अवो, रजेवर हायेत ना तुमी?”

“बरं,” तात्या म्हणाले आणि फोन ठेवला. मग मी माझ्या चौकटीत ‘ह’ मांडला आणि मशीनवर जाऊन बसले.