घराण्याचं धनुष्य

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, पण लग्नानंतर इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याच्यावर एकही काम सोपवलं नव्हतं. चष्मासुद्धा ते दुसरीकडून करून घेत. त्यामुळे माळा आवरताना सापडलेलं जुनं धनुष्य त्यांनी जावयापुढे ठेवलं, तेव्हा त्याची छाती फुगली.

"आमच्या खापरपणजोबांचं असणार," सासरे म्हणाले. "कोणी बनवलं आणि कधी, तेवढं शोधा. तुमच्याकडे भिंगं आहेत."

"अहो, ते..." सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"तू थांब जरा. कामाचं बोलणं चाललंय."

सासूबाई थांबल्या. त्यांना सवय होती.

जावयाने दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग लावलं. मुठीवर एक बारीकसं पान कोरलेलं होतं. खालच्या पात्यावर पुसट शाईत दोन आकडे होते, ६२ आणि २८. त्याने लगेच सासऱ्यांना फोन लावला.

"बासष्ट!" सासरे ओरडले. "म्हणजे अठराशे बासष्ट! आणि ते अठ्ठावीस?"

"अठ्ठाविसावं धनुष्य असेल, बाबा."

"आणि पान म्हणजे आमचं राजचिन्ह!"

घराण्याला राजचिन्ह होतं हे सासऱ्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं. जावयाच्या बायकोने मात्र पात्यावर नख घासून पाहिलं. "हे फायबरसारखं लागतंय. खापरपणजोबांच्या काळी फायबर होतं?"

"तुझ्या घराण्याचं कौतुक चाललंय, तर तूच खोडा घाल!" जावई म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सासऱ्यांनी पितळी पाटी करायला टाकली, 'आमच्या पूर्वजांचे धनुष्य, सन १८६२'. रविवारी झाडून सगळ्या नातेवाइकांना बोलावणंही गेलं. आता नुसती काठी काय दाखवायची, म्हणून जावयाने दोरी चढवायला घेतली. टोकं आधीच एका बाजूला वळलेली होती. त्याच बाजूने दोरी लावल्यावर ती इतकी सहज बसली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याने फोटो काढून एका धनुर्विद्या प्रशिक्षकाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'पान ही खूण कोणाची?'

उत्तर रविवारी आलं, दिवाणखाना भरल्यावर. 'खूण माहीत नाही. ६२ ही इंचांत लांबी, २८ म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, पौंडांत. फायबर आहे, म्हणजे फार तर पन्नासेक वर्षांचं. आणि दोरी उलटी चढवलीय! ओढू नका, तुटेल.'

जावयाने ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं पहिलं काम, आणि त्याचं असं मातेरं! त्याने मान वर केली, तर सासरे धनुष्य हातात घेऊन पाहुण्यांसमोर पवित्र्यात उभे होते.

"हे रक्तातच असावं लागतं!" असं म्हणत त्यांनी दोरीला बोटं लावली.

गप्प राहावं तर धनुष्य जातं, बोलावं तर आपण जातो. जावयाने डोळे मिटले आणि ओरडला, "बाबा, ओढू नका! दोरी उलटी आहे. मीच चढवलीय."

दिवाणखान्यात सगळे हसावं की नाही याचा विचार करत होते. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. दोरी उतरवली, धनुष्य फिरवलं, एक पाय त्यातून पलीकडे टाकला, मांडीवर जरासं वाकवलं आणि दोरी चढली. पुरी लाटावी तितक्या सहज.

"आमच्या कॉलेजमागे रॅकेटी दुरुस्त करणारे एक काका होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्या मापाचं करून दिलं होतं. प्रत्येक धनुष्यावर पान कोरायचे. मला तिरंदाजीत चषक मिळाला ना, त्याच वर्षीचं आहे. लग्नाच्या आदल्या वर्षीचं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" सासऱ्यांचा आवाज बारीक झाला होता.

"बोलत होते. तुम्ही म्हणालात, थांब."

सासरे पाटीकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच ते जावयाच्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "तुमच्या दुकानात डोळे कधी तपासून मिळतील?"

सासूबाईंनी पाटी उचलली, १८६२ वाचलं आणि पाटी पालथी केली.

"ही बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या. "इकडे माझं नाव घालून आणा. माहेरचं."