अलीकडील आराखडा, पलीकडील प्रसूतिगृह

श्री. नदीच्या अलीकडील देवास साष्टांग नमन, पलीकडील देवासही नमन, देव एकच, कळस मात्र त्यांचा उंच आणि त्यावर निळा दिवा लागतो तो इकडूनही दिसतो, हे नमनातच सांगून टाकितो, मागाहून कोणी म्हणावयास नको. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माहे फाल्गुन, ते समयी ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणार नगरपालिकेचा चाकर, आराखडे लिहिणे हाच त्याचा हुद्दा. नाव सांगत नाही, कारण नाव पलीकडील आराखडे लिहिणाराचे होते, आमचे होत नाही. त्यास दरसाल काहीतरी उभे राहिलेले वर्णावयास मिळते आणि आम्हांस 'प्रस्तावित' हा एक शब्द लिहून लिहून बोटास घट्टा पडला. पोटात दुखते हे खरे. परंतु बखर सरळ लिहावी, म्हणोन सरळ लिहितो.

ऐसियास, नदीचे दो तीरी दो नगरे. पूर्वी नगरपालिका एक होती, मग फूट पडोन दोन जाहल्या. अलीकडे श्रीमंत हैबतराव नगराध्यक्ष, पलीकडे श्रीमंत तुळाजीराव नगराध्यक्ष, आणि उभयतां सख्खे साडू. थोरली बहीण चंद्राबाईसाहेब तिकडे दिली, धाकटी मैनाबाईसाहेब इकडे आली. लग्नांत सासऱ्यांनी थोरल्या जावयाचे गळ्यात सोन्याची साखळी घातली आणि धाकट्याचे मनगटास घड्याळ बांधिले, तेव्हापासून हैबतरावांचे मनांत जे सलू लागले ते सलतच राहिले, आणि पुढे दोघांस गाद्या मिळाल्या तेव्हां ते सलणे कारभारांत शिरले. हैबतरावांचा शिरस्ता ऐसा की, माघ सरत आला म्हणजे नगरपालिकेचे गच्चीवर खुर्ची टाकावी, दुर्बीण लावावी, पलीकडे नवे काय उभे राहिले ते पाहावे, आणि मग खाली उतरोन आपल्या नगराच्या आर्थिक व सामाजिक उन्नतीचा वार्षिक आराखडा सांगावा. पलीकडे कारंजे दिसले, आमचेकडे त्याहून उंच कारंजे जाहले, आणि लोकांस पाणी एक दिवसाआड परंतु कारंज्यास रोज. पलीकडे घड्याळाचा मनोरा दिसला, आमचेकडे चार घड्याळांचा मनोरा जाहला, चारही घड्याळे आपआपल्या मर्जीने चालतात. पलीकडे नदीकाठी 'आय लव्ह' म्हणोन लाल अक्षरे उभी राहिली, आमचेकडे तीच अक्षरे उभी केली, बाजूस बदक केले, आणि बदकाचे तोंड पलीकडे फिरविले ते चिडविण्यासाठी.

आता आराखडा म्हटला की त्यास नुसती कारंजी पुरत नाहीत, सामाजिक प्रकरण एक लागते, नाहीतर वरील सरकार परत पाठविते. ते प्रकरण आमचेकडे. हैबतराव म्हणत, "ते तुम्ही बघा हो, छान लिहा, बायका-मुलं वगैरे घाला." म्हणजे ते छापावयाचे, करावयाचे नव्हे, हे सदरेत सर्वांस ठाऊक. एके साली आराखड्याचे सभेस कुंभारवाड्यातील ठकूबाई आली, चाकावर मडकी घडविणारी, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि नगरसेवकांस ओलांडून थेट पुढे आली आणि बोलिली, "साहेब, माझ्या सुनंचं बाळंतपण भाजीबाजारात रिक्षात झालं. बायकांनी चारी बाजूंनी लुगडी धरली. मेथीच्या जुडीवर नातू झाला माझा. ह्या गावात बाईला बाळंत व्हायला एक खोली नाही, आणि तुमच्या बदकाला चौथरा आहे." सदर हसली. हैबतरावही हसले, आणि आम्हांस म्हणाले, "लिहून घ्या, प्रसूतिगृह." ठकूबाई तेथेच बसली आणि म्हणाली, "लिहिता तर नीट लिहा. सोबत आलेल्या बाया कुठं बसतील ते लिहा. सगळीकडं बाळंतिणीला खाट असते, तिच्या आईला जमीन असते."

मग आम्ही ते प्रसूतिगृह जीव ओतून लिहिले, हे सांगावयास लाज नाही. खिडक्या पूर्वेस लिहिल्या, कोवळे ऊन खाटेवर पडावे म्हणोन. गरम पाण्याचा बंब लिहिला. शेकशेगडीस निराळी खोली आणि तीस धुराडे लिहिले. सोबत आलेल्या बायकांस लांब ओसरी लिहिली, भिंतीस टेकावयास उतार दिला, कडेस चूल दिली, आणि ओसरीपुढे कडुनिंब लिहिला. चित्रकाराकडून चित्र काढविले. छापोन आले तेव्हां फार सुंदर दिसले. आणि त्या साली पैका बदकाचे डागडुजीकडे गेला. पुढील साली तेच प्रकरण पुन्हा छापिले, त्यापुढील सालीही छापिले, आणि ठकूबाई दर फाल्गुनांत येई आणि विचारी, "झालं का?" आणि हैबतराव म्हणत, "प्रस्तावित आहे." ती म्हणे, "ते कुणीकडं आहे, दाखवा तरी."

दुसरा शिरस्ता मैनाबाईसाहेबांचा. होळीस थोरल्या बहिणीकडे पुरणपोळ्यांचा डबा पाठवावयाचा, आणि हैबतरावांचा हुकूम ऐसा की डब्यावर आपला आराखडा ठेवावा, साडूंचे पानावर आधी तो यावा, मग पोळी. तुळाजीराव जेवता जेवता वाचीत आणि त्यांचा चेहरा लाल होई, हे वर्तमान चंद्राबाईसाहेबांकडून इकडे येई आणि हैबतरावांस रात्रभर गोड झोप लागे. ऐसे चालले असतां एके होळीस तुळाजीरावांनी प्रसूतिगृहाचे चित्र पाहिले. आमचे सदरेत जे सर्वांस ठाऊक, ते त्यांस ठाऊक नव्हते. ज्याचा हेवा करावा त्याचे लिहिलेले माणसास खरे वाटते. त्यांस वाटले, हैबतराव बांधणार, आणि आपल्या नगराच्या बाया अलीकडे बाळंत होतील, आणि आपले नाक कापले जाईल. त्यांनी पोळी तशीच टाकिली, सभा बोलाविली, आमचा आराखडा टेबलावर उघडा ठेविला आणि म्हणाले, "हे आधी आपलं उभं राहिलं पाहिजे. यात आहे ते सगळं. वर एक मजला जास्त."

आणि उभे राहिले. हैबतरावांनी दुर्बिणीतून पाहिले आणि दुर्बीण आम्हांकडे दिली. आम्ही पाहिले तो खिडक्या पूर्वेस. धुराडे. ओसरी. कडुनिंबाचे रोप, त्यास कुंपण. हैबतराव म्हणाले, "चोरलं. माझं चोरलं त्यानं." ते त्यांचे नव्हते, ते आमचे होते. बदक त्यांचे होते. आमच्या हाताने लिहिलेली ओसरी पलीकडील लेखकाने आपल्या अहवालांत वर्णिली, 'पूर्ण' असा शेरा मारिला, आणि तो शेरा वाचोन आमचे अंगाचा तिळपापड जाहला. जन्मांत एकदाही आम्हांस तो शब्द लिहावयास मिळाला नाही. मग कुंभारवाड्यातील बाया पूल ओलांडून तिकडे जाऊ लागल्या. पूल जुना, अरुंद, एका वेळी एक गाडी जाई, समोरून आली तर मागे घ्यावी लागे.

त्याउपरि हैबतरावांची कन्या कस्तुरीबाई पहिल्या बाळंतपणास माहेरी आली. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज, तो मोडेल कोण. डोहाळजेवण थाटाने जाहले, आणि पलीकडून चंद्राबाईसाहेबांनी आणलेली साडी मैनाबाईसाहेबांनी चारचौघींत उलगडूनसुद्धा पाहिली नाही. मग माघांत, ऐन बाजारचे दिवशी, दोन प्रहरी कळा सुरू जाहल्या. घरी डॉक्टर आले, पोट तपासले आणि म्हणाले, "मूल आडवं आहे. इथे होणार नाही. पलीकडे न्या, आत्ताच." हैबतराव म्हणाले, "पलीकडे नाही. जिल्ह्याला नेऊ." डॉक्टर म्हणाले, "जिल्ह्यापर्यंत नाही पोहोचणार." हैबतराव उंबऱ्यात उभे राहिले आणि हलेनात. तुळाजीच्या दारी आपली लेक न्यावी, हेच त्यांस सोसेना, हे आम्ही सहीचे कागद घेऊन तेथे आलो होतो ते डोळ्यांनी पाहिले. तेव्हां मैनाबाईसाहेब बोलिल्या, "तुमची दुर्बीण घेऊन बसा गच्चीवर. माझी पोरगी मरायला टेकली आहे. सरका." आणि त्या ज्या सुरात बोलिल्या तो सूर त्या घरांत पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. हैबतराव सरकले. मग तेच जीपमध्ये पुढे बसले, आम्ही मागील फळीवर.

पुलावर कोंडी. समोरून उसाची ट्रॉली, मागे बाजारचा टेंपो, मधोमध म्हशी. कस्तुरीबाई मागील सीटवर आईचे मांडीस दातांनी चावत होती, कारण ओरडावयास लाज वाटे. हैबतराव खाली उतरले, आणि नगराध्यक्षांनी भर पुलावर म्हशीचे शेपूट पिळले, ट्रॉलीवाल्याचे पाया पडले, "मागं घे रे बाबा, लेक आहे माझी," ऐसे म्हणाले, आणि वाट जाहली. जीप सुटली, आणि तिचे मागोमाग एक रिक्षा सुटली, तीही कधीची अडकलेली. प्रसूतिगृहांत खाट तयार, बंब तापलेला, डॉक्टरीणबाई हजर. घटका गेली, आणखी गेली, आणि मग आंतून रडणे ऐकू आले. मुलगी जाहली. दोघी सुखरूप.

हैबतराव ओसरीवर भिंतीस टेकोन बसले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. ते समयी तुळाजीराव पेढे घेऊन आले, गळ्यात ती साखळी, आणि म्हणाले, "साडूभाऊ, या, बसा. ओसरी जरा लांबच केलीय आम्ही. जन्माची नोंद आमच्याकडेच होईल हो आता, नियमच आहे तसा." हैबतरावांनी पेढा घेतला आणि त्याच रुमालांत बांधोन ठेविला. त्याच ओसरीचे दुसरे टोकास ठकूबाई बसली होती, रिक्षांत तिची पुतणी होती, तीही आंत सुखरूप. ती आम्हांकडे पाहोन म्हणाली, "ही ओसरी तुम्ही लिहिलेली ना? बरी आहे. पाठ टेकते." आम्हांस गहिवर आला, आणि लगेच हेवाही आला, कारण ती टेकली होती ती भिंत त्यांची. मग ती म्हणाली, "आज साहेबांची लेक पुढं होती म्हणून आमची पोचली. साहेबांची लेक काय रोज अडते का पुलावर?"

नगरांत सर्वांस वाटले, आता हैबतराव प्रसूतिगृह बांधतील. सदर भरली, आणि श्रीमंत बोलिले, "प्रसूतिगृह त्यानं केलं, ते झालं. आता तेच केलं तर नक्कल म्हणतील. आपण बारशाचा महाल करू. संगमरवरी. वर छत्री. पाळणा चांदीचा. जन्म तिकडे घ्या, नाव इकडे ठेवा." सदरेने बाके वाजविली. आम्ही महाल लिहिला, हुकूम तो हुकूम. परंतु सामाजिक प्रकरण आमचेकडे, ते कोणी वाचीत नाही, निदान अलीकडे कोणी वाचीत नाही. त्यांत आम्ही कोणास न विचारता पूल लिहिला. रुंद लिहिला, दोन गाड्या सहज जातील ऐसा, कडेस पायवाट, दिवे, आणि रुग्णगाडीस निराळी पट्टी. आणि शेवटी लिहिले की, हा पूल श्रीमंत हैबतराव बांधतील, आणि पलीकडील तीरावर, तुळाजीरावांचे नगराचे तोंडाशी, श्रीमंत हैबतरावांचे नावाची भव्य कमान उभी राहील. चित्रकारास सांगोन कमान मोठी काढविली. होळीस आराखडा डब्यावर गेला.

चंद्राबाईसाहेबांकडून कळले की त्या दिवशी तुळाजीरावांनी पोळीस हात लाविला नाही.

आणि ह्या माघांत हैबतरावांनी दुर्बीण लाविली, तो पलीकडील तीरापासून पाण्यांत खांब उभे राहिलेले, आणि यंत्रे गरगरत आहेत, आणि पूल अलीकडे येत आहे. ते म्हणाले, "हा आपल्याकडे पूल कशाला बांधतोय? याचा काही डाव आहे." आम्ही म्हणालो, "असेल, श्रीमंत." खाली उतरलो तो पायरीवर ठकूबाई उभी. ह्या खेपेस तिने 'झालं का' असे विचारिले नाही. आम्हीच तिला विचारिले, "बाई, यंदा काय लिहू?" ती विचार करोन म्हणाली, "पोरींना दहावीच्या पुढं शाळा नाही. लिहा. पण तुमच्या साहेबांचं नाव मोठं घाला, नाहीतर पलीकडचे बांधायचे नाहीत."

येणेप्रमाणे वर्तमान. अलीकडे महालाचे जोते झाले, पाळण्याची चांदी तुळाजीरावांचे गळ्यातील साखळीहून किती पट जड घ्यावी, यावर सदर अडली आहे. पलीकडे पूल होईल, लेकी वेळेवर पोहोचतील, कमानीवर नाव तुळाजीरावांचे लागेल आणि अहवालांत तो दुसरा लेखक 'पूर्ण' असे लिहील. त्याचा आम्हांस फार हेवा वाटतो. शाळेस आम्ही मोठे अंगण लिहिले आहे.